एका डेलिगेटच्या तीन खुर्च्या

गेल्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की बधिरांधत्वावर आपल्याकडे एखादी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद व्हायला हवी. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: दिसणं आणि ऐकणं दोन्ही एवढं कमी, की एकाची कसर दुसऱ्याने भरून निघत नाही, ते बधिरांधत्व. आम्ही या कामातली माणसं बोलताना सरळ डेफब्लाइंडच म्हणतो. यातले सगळे पूर्ण अंध आणि पूर्ण बहिरे नसतात हं, बऱ्याच जणांना थोडं दिसतं किंवा थोडं ऐकू येतं, आणि त्यामुळेच प्रत्येकाची बोलायची पद्धत वेगळी असते. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : ताई, आमची पुण्यातली छोटी संस्था आहे. परदेशातल्या एका फाउंडेशनने तीन दिवसांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ४० लाखांना तत्त्वतः होकार दिलाय. २०० डेलिगेट धरलेत, त्यात ३० डेफब्लाइंड. बजेटचा कच्चा मसुदा जोडलाय, एकदा नजर टाकाल का? दीड महिन्यात फायनल पाठवायचंय. — संस्थेचे सचिव, पुणे

उत्तर : आधी मनापासून अभिनंदन, कारण एवढ्या छोट्या संस्थेला असा होकार मिळणं सोपं नाही. बजेट दोनदा वाचलं. हॉल, हॉटेल, स्टेज, मोठी एलईडी स्क्रीन, शाल-श्रीफळ, स्मरणिका, बॅगा, सांस्कृतिक संध्याकाळ, आणि मग खालून दुसऱ्या ओळीत 'इंटरप्रिटर, गरजेनुसार, ७५ हजार'. ही ओळ उचलून सगळ्यात वर न्या आणि तिथून परत हिशोब मांडा, कारण ती ओळ चुकली तर बाकी सगळं कितीही सुंदर झालं तरी ज्यांच्यासाठी परिषद आहे त्यांच्यापर्यंत काहीच पोचणार नाही.

हिशोब कसा ते सांगते. स्पर्शखुणांमध्ये डेफब्लाइंड माणसाचे हात इंटरप्रिटरच्या हातांवर ठेवलेले असतात आणि इंटरप्रिटर खुणा करत राहतो. दोन हातांचं वजन खांद्यावर घेऊन सतत खुणा करणं फार दमवणारं काम आहे, वीस-तीस मिनिटांत हात भरून येतात आणि डोकंही थकतं, मग दुसऱ्याने बसायचं. म्हणजे दिवसभराच्या कार्यक्रमाला एका माणसामागे दोन इंटरप्रिटर लागतात. एका डेलिगेटच्या तीन खुर्च्या. आणि हे नुसते दुभाषे नसतात, तेच चहापर्यंत नेतात, बाथरूमचा दरवाजा दाखवतात, समोर कोण आलंय ते सांगतात, कोण हसलं आणि कोण उठून गेलं तेही सांगतात. तुमच्या ३० जणांना प्रत्येकी दोन धरले तर ६० माणसं, दिवसाला समजा ३ हजार मानधन, तीन दिवस, झाले ५ लाख ४० हजार. राहणं, जेवण, प्रवास आणि आदल्या दिवसाची तयारी यात नाही.

घाबरू नका, प्रत्येकाला दोन लागतीलच असं नाही. कुणाला लूप सिस्टिम, म्हणजे माइकचा आवाज थेट हिअरिंग एडपर्यंत पोचवणारी तार, लावली की हिअरिंग एडच्या टी-कॉइलवर (तो आवाज पकडणाऱ्या छोट्या वेटोळ्यावर) चांगलं ऐकू येतं, कुणाला समोर दोन फुटांवर बसून खुणा केल्या की दिसतात, कुणी ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटाखाली ब्रेलचे ठिपके उठवणाऱ्या यंत्रावर, मजकूर वाचतं. पण हे तुम्ही अंदाजाने ठरवायचं नाही, विचारायचं. म्हणून आधी फॉर्म करा, बजेट त्यानंतर. फॉर्ममध्ये विचारा : तुम्ही बोलणं कसं घेता, कोणत्या हातावर घेता, स्वतःचा इंटरप्रिटर आणताय का, एक की दोन, प्रखर उजेडाचा त्रास होतो का, कागद ब्रेलमध्ये हवेत की मोठ्या अक्षरात की वर्ड फाइलमध्ये. स्कॅन केलेली पीडीएफ कुणाच्याच कामाची नाही, ती पाठवू नका.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. या भाषा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. ब्रिटनचा माणूस हातावर ब्रिटिश मॅन्युअल अक्षरं घेतो, जर्मन माणूस लॉर्म घेतो, म्हणजे तळहातावर ठरलेल्या जागी टेकवायचं किंवा रेघ ओढायची, ही पद्धत हिएरोनिमस लॉर्म या लेखकाने १८८१ साली काढली, त्याची स्वतःची नजर आणि कान दोन्ही गेले होते. जपानी पाहुणा असेल तर फिंगर ब्रेल, म्हणजे त्याची बोटं हीच ब्रेल टाइपरायटरच्या कळा. त्यामुळे पुण्यातल्या कुठल्याही चांगल्या साइन लँग्वेज इंटरप्रिटरला जर्मन पाहुण्याच्या शेजारी बसवून काहीही साधणार नाही. परदेशी पाहुण्यांचे इंटरप्रिटर त्यांच्याबरोबरच येणार आणि त्यांचा खर्च तुमच्या बजेटमध्ये हवा. नाहीतर होतं असं, की श्रीमंत देशातले डेफब्लाइंड येतात आणि नेपाळ, बांगलादेश, आफ्रिकेतले नुसते यादीत राहतात.

पैसे कुठून काढायचे? शाल-श्रीफळ काढा, बॅगा काढा, एलईडी स्क्रीन काढा, २०० चे १४० डेलिगेट करा. ३० चा आकडा मात्र कमी करू नका. मला माहितीय हे ऐकायला कडक वाटतं, पण मी काही वर्षांपूर्वी अशाच एका परिषदेला होते, नाव घेत नाही, तिथे एका गृहस्थांना एकच इंटरप्रिटर मुलगी दिली होती. अकरा वाजेपर्यंत बिचारीचे हात थरथरायला लागले, ती पाणी प्यायला म्हणून गेली आणि तिला कुणीतरी दुसऱ्याच कामाला लावलं. ते गृहस्थ दीड तास तसेच बसून होते, हात मांडीवर पसरून. जेवणाची सुटी झाली, हॉल रिकामा झाला, तरी त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांच्या नावाचा सत्कार संध्याकाळी होता. ते दोन रिकामे हात मी विसरू शकलेली नाही.

आता तारखेचं. तुम्ही ऑगस्टचा शेवट लिहिलाय, तो बदला. पावसात एका हातात पांढरी काठी, दुसरा हात वाटाड्याच्या कोपरावर, मग छत्री कुठल्या हाताने धरायची आणि बोलायचं कशाने? शिवाय पुण्यात गणपतीत रस्ते बंद आणि ढोल-ताशा. हिअरिंग एड किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशनने कानात बसवलेलं ऐकायचं यंत्र) असणाऱ्यांना तो आवाज सहन होत नाही (काही डेफब्लाइंड मुलांना मात्र ढोलाची थाप छातीत जाणवते आणि ती इतकी खूश होतात, की मी दरवर्षी एकदा तरी घेऊन जायचे). जानेवारीचा शेवट बघा, फक्त लग्नाच्या तारखा टाळा, नाहीतर हॉलचं भाडंही जास्त आणि शेजारच्या लॉनवर डीजे.

जेवणाचा बुफे ठेवू नका, टेबलावर वाढा. आणि जेवणाला दीड तास द्या. ज्याचं बोलणं हातांनी चालतं तो जेवताना बोलू शकत नाही आणि बोलताना जेवू शकत नाही, त्याला दोन्ही आलटून पालटून करावं लागतं. आणि परिषदेत खऱ्या ओळखी जेवताना होतात ना, मग ते सुख त्यांनाही मिळू द्या. दिवसाचं सत्र सहा तासांच्या वर नेऊ नका, पाऊण तास झाला की पंधरा मिनिटं सुटी.

सहलीसाठी तुम्ही बसमधून शहरदर्शन लिहिलंय, खिडकीतून. त्याऐवजी कसबा पेठेतल्या तांबट आळीत न्या. तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चालू असताना भांड्याच्या काठाला हात लावला की प्रत्येक ठोका बोटातून खांद्यापर्यंत येतो, मग मठारलेला भाग आणि साधा भाग बोटांनी ताडून बघता येतो. कारागिरांशी आधी बोला, पाच-पाच जणांचे गट करा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या. तुमच्या परदेशी पाहुण्यांना पुणं असं कळेल.

आणि शेवटचं, तुमच्या कार्यक्रम समितीत नऊ नावं आहेत. त्यात डेफब्लाइंड कोण आहे ते मला सापडलं नाही. निदान दोघं घ्या, आणि मीटिंगलाही त्यांच्या इंटरप्रिटरचे पैसे धरा. हे सगळं मी लिहिण्यापेक्षा त्यांनीच तुम्हाला जास्त नीट सांगितलं असतं.

प्रश्न : त्याच संस्थेचा मी खजिनदार. परदेशी ग्रँट पहिल्यांदाच येतेय, आमच्याकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नाही. थोडे पैसे सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतूनही मिळतील असं वाटतं. काय सांभाळायचं?

उत्तर : साहेब, सीएला आजच भेटा, उद्या नको. तोपर्यंत मोटामोटी असं. नोंदणी नसेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाकडून या एका ग्रँटपुरती पूर्वपरवानगी मागता येते, त्याला देणाऱ्याचं वचनपत्र लागतं, आणि ती हातात आल्याशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही. २०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, म्हणजे मुंबईच्या सहकारी संस्थेला इंटरप्रिटरसाठी त्यातले दोन लाख वळते करू असं मनात असेल तर ते काढून टाका. इंटरप्रिटरचं मानधन प्रस्तावात पहिल्यापासून कार्यक्रमाचा खर्च म्हणून स्पष्ट लिहा, तो ऑफिसखर्चात मिसळला की २० टक्क्यांची मर्यादा विनाकारण गाठली जाईल.

सीएसआरमध्ये एक खड्डा आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ सालीच सांगून ठेवलंय की मॅरेथॉन, पुरस्कार सोहळे असले एकदाच होणारे इव्हेंट सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत. म्हणून कंपनीकडे जाताना 'तीन दिवसांची परिषद' घेऊन गेलात तर परत पाठवतील. त्याऐवजी वर्षभराचा प्रकल्प मांडा, पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या चाळीस तरुणांना स्पर्शखुणा आणि वाटाड्याचं काम शिकवायचं. विशेष शिक्षण हा विषय कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नावानिशी आहे. ती मुलं मग परिषदेत काम करतील आणि परिषद संपल्यावरही आपल्या गावात उरतील. मला तर ही चाळीस मुलं परिषदेपेक्षाही मोठी गोष्ट वाटते.

व्हिसाचं पण बघा. परदेशी पाहुण्यांना टुरिस्ट व्हिसावर बोलवायचं नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो, त्यासाठी गृह आणि परराष्ट्र मंत्रालयाची मंजुरी आधी घ्यावी लागते, सहा-सात महिने हातात ठेवा. आणि निमंत्रणपत्र इंटरप्रिटरच्या नावाने वेगळं काढा. पाहुण्याला व्हिसा मिळाला आणि इंटरप्रिटर राहिला असं झालं तर पाहुणाही येऊ शकत नाही.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, या परिषदेत व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलंय. खरं सांगू का, भीती वाटते. ज्यांना दिसत नाही आणि ऐकूही येत नाही त्यांना हॅलो कसं म्हणायचं हेच कळत नाही. काही चुकलं तर? — एक विद्यार्थिनी, पिंपरी

उत्तर : अगं, तू विचारलंस ना, त्यातच अर्धं काम झालं. पहिल्या दिवशी मलाही अशीच भीती वाटली होती.

दंडावर किंवा हाताच्या मागच्या बाजूला हलकेच हात ठेव आणि तसाच ठेवून थांब. एकदम पकडायचं नाही, पाठीमागून तर अजिबात नाही. त्यांनी वळून हात पुढे केला की तुझा हात त्यांच्या हाताखाली सरकव. खाली का, तर वरून धरलेला हात त्यांना कैद केल्यासारखा वाटतो, खालचा हात त्यांना हवा तेव्हा सोडता येतो. मग तू कोण ते सांग. खुणा येत नसतील तर तळहातावर एकेक मोठं अक्षर बोटाने काढ, सगळी अक्षरं एकाच जागी, एकावर एक, प्रत्येक शब्दानंतर थोडं थांबून. मराठीत अक्षरं गिरवताना काना-मात्रा गोंधळ करतात, तर आधी कुठली लिपी ते विचारून घे.

चालताना तू त्यांना ओढायचं नाहीस, त्यांनी तुझा कोपर धरायचा आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. जिना आला की थांबायचं, वर की खाली ते दाखवायचं. आणि एक गोष्ट, कृपा करून लक्षात ठेव : त्यांना मोकळ्या जागेत मधेच सोडून जायचं नाही, एक मिनिटही नाही. भिंत, टेबल, खुर्चीची पाठ, कशाला तरी त्यांचा हात लावून दे, कुठे जातेस आणि किती वेळात येतेस ते सांग, आणि मग जा. मोकळ्या जागेत सोडलेल्या माणसाला खोली किती मोठी आहे हेही कळत नाही.

नखं कापून ये, अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून ठेव, हातावर टोचतात आणि खुणा बिघडतात. अत्तर नको, कारण बरेच जण माणूस वासावरून ओळखतात आणि दिवसभर तुझ्या इतकं जवळ बसायचं असतं. कपडे एकरंगी, तुझ्या हाताच्या रंगावर उठून दिसतील असे, म्हणजे ज्यांना थोडं दिसतं त्यांना तुझे हात दिसतील. चमकीचा ड्रेस घरीच ठेव. लाल पट्टे असलेली पांढरी काठी दिसली तर समज की या माणसाला नीट ऐकूही येत नाही, नुसत्या हाकेवर विसंबू नको.

आग लागली, भूकंप झाला, असं काही झालं तर समजावत बसायला वेळ नसतो. तेव्हा पाठीवर बोटाने मोठी फुली काढायची. बऱ्याच देशांतल्या डेफब्लाइंड लोकांत याचा अर्थ ठरलेला आहे, प्रश्न न विचारता लगेच माझ्याबरोबर चल. पण आपल्याकडे सगळ्यांना माहीत असेल असं धरू नका, पहिल्या सकाळी सगळ्यांबरोबर एकदा सराव करून घ्या.

चुकशील. मग त्यांच्या हातावर सॉरी लिही, पुढे जा. आणि टाळ्या वाजवायच्या असतील तेव्हा जमिनीवर पाय आपट, लाकडी फ्लोअर असेल तर ती थरथर त्यांच्या खुर्चीत पोचते आणि त्यांना कळतं की हॉल आपल्यासाठी वाजतोय. त्यांचे चेहरे बघ त्या वेळी.

प्रश्न : मी नेत्रतज्ज्ञ आहे. मला १२ मिनिटांत पेपर वाचायला सांगितलंय, २२ स्लाइड्स आहेत. आयोजक तीन आठवडे आधी पूर्ण मजकूर मागताहेत आणि 'हळू बोला' असंही कळवलंय. वैद्यकीय परिषदांत आम्ही आदल्या रात्री स्लाइड बदलतो. एवढं बंधन कशासाठी? — एक डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : डॉक्टर, तुम्ही मोकळेपणाने विचारलंत ते बरं केलंत. तुमचं वाक्य कसं प्रवास करतं ते बघा. तुम्ही इंग्रजीत बोलता, स्टेजवरचा इंटरप्रिटर ते भारतीय सांकेतिक भाषेत करतो, त्याच्याकडे बघून खाली बसलेला दुसरा इंटरप्रिटर ते डेफब्लाइंड माणसाच्या हातात देतो. तुमचं वाक्य संपल्यावर काही सेकंदांनी ते तिथे पोचतं. 'रेटिनायटिस पिगमेंटोझा' तुम्हाला अर्ध्या सेकंदात म्हणता येतं, हातावर अक्षर अक्षर करून ते द्यायला कितीतरी वेळ जातो. इंटरप्रिटरला आधी मजकूर मिळाला तर असल्या शब्दांसाठी तो खूण ठरवून ठेवू शकतो. आणि ब्रेलमध्ये छापायचं म्हणजे कागदाची एक बाजू तिथे अडीच-तीन बाजू होते, त्याला वेळ लागतो.

२२ च्या ७ स्लाइड्स करा. 'इथे बघा' असं म्हणू नका, स्लाइडवर काय आहे ते बोलून सांगा, आलेख असेल तर रेघ वर चढते की खाली येते ते सांगा. प्रश्नोत्तरांत प्रत्येकाने आधी नाव सांगायचं, एका वेळी एकच. फोटोग्राफरला फ्लॅश मारू देऊ नका, तुमच्यासमोर अशर सिंड्रोमचे (जन्मापासून ऐकू कमी आणि पुढे नजरही कमी होत जाते त्या आजाराचे) लोक बसलेले असतील, उजेड-अंधार बदलला की त्यांच्या डोळ्यांना सावरायला किती वेळ लागतो हे मी तुम्हाला काय सांगणार.

तुमच्या विषयात अजून एक भर घालाल का, अशी विनंती आहे. वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफब्लाइंडने २०१८ मध्ये जो पहिला जागतिक अहवाल काढला त्यात तीव्र बधिरांधत्व लोकसंख्येच्या सुमारे ०.२ टक्के, आणि सौम्य प्रकार धरले तर २ टक्क्यांपर्यंत, असा अंदाज दिलाय. हजारात दोन म्हणजे २०११ च्या महाराष्ट्राच्या ११ कोटी २४ लाख लोकसंख्येवर हिशोब केला तर सव्वादोन लाखांच्या आसपास होतात. शाळांमध्ये मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं. बाकीची कुठेतरी कर्णबधिर शाळेत नाहीतर अंध शाळेत नाहीतर घरात बसून आहेत. तुमच्या ओपीडीत दृष्टी तपासताना कान पण तपासायला पाठवता का, एवढं जरी तुम्ही बोललात तरी फार मोठं काम होईल.

प्रश्न : माझा मुलगा १४ वर्षांचा, जन्मापासून ऐकू येत नाही, चालायलाही उशिरा लागला होता, पावणेदोन वर्षांनी. कर्णबधिर शाळेत हुशार आहे. वर्षभर संध्याकाळी धडपडतो, चपला सापडत नाहीत, ताटातला ग्लास सांडतो. आम्ही वेंधळा म्हणून रागावलो. आता डॉक्टर म्हणतात डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, अशर आहे का ते बघू. त्या परिषदेला आम्ही यावं का, का उगाच घाबरून जाऊ? — एक आई, सांगली

उत्तर : ताई, रागावलात म्हणून स्वतःला त्रास करून घेऊ नका, मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक आईने हेच सांगितलंय. निदान डॉक्टरच करतील, पण तुम्ही लिहिलेल्या गोष्टी डॉक्टरांना जशाच्या तशा सांगा, विशेषतः उशिरा चालायला लागला ते. अशरच्या पहिल्या प्रकारात कानाच्या आतला तोल सांभाळणारा भागही बिघडलेला असतो, म्हणून ती मुलं दीड वर्षाच्या पुढे चालतात, आणि मग वयात येता येता रात्रीचं दिसणं कमी होतं, कडेचं दिसणं हळूहळू आत येतं. मधलं दिसणं बऱ्याचदा पुढे अनेक वर्षं टिकतं. जनुकीय तपासणीबद्दल विचारा, धाकटं भावंड असेल तर त्याचंही.

घरात आजपासून एवढं करा : संडास-बाथरूमच्या वाटेवर रात्री दिवा, ताटाखाली गडद रंगाचा कागद किंवा कापड म्हणजे स्टीलचं भांडं उठून दिसेल, चपला एकाच जागी. आणि त्याच्याशी बोला. तो १४ वर्षांचा आहे, त्याला कधीचं कळलंय की काहीतरी होतंय, फक्त कुणी त्याच्याशी बोललेलं नाही. ब्रेल आणि काठी आत्ता शिकवायला काय हरकत आहे, दिसतंय तोवर ते खेळासारखं शिकून होतं. मुंबईत १९७७ साली बेरोझ वाच्छा यांनी हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली, तिथे या मुलांचा मोठा अनुभव आहे. अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून देशभर हेच काम करतेय. दोघांनाही लिहा.

परिषदेला या, त्याला घेऊन या. भाषणं नाही ऐकलीत तरी चालेल. तिथे तिशी-पस्तिशीतले अशर असलेले लोक असतील, नोकरी करणारे, लग्न झालेले, भांडणारे, हसणारे. त्याला त्यांच्याबरोबर अर्धा तास बसू द्या, तुम्ही थोडं लांब बसा.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा, पूर्ण डेफब्लाइंड. हे मी ब्रेलमध्ये लिहिलं, बहिणीने टाइप केलं. मला परिषदेचं निमंत्रण आलंय. दोन प्रश्न. मला बोलायला बोलावलंय का नुसतं बसवायला, हे कसं ओळखायचं? आणि बहिणीचा खर्च कोण करणार? आयोजकांनी लिहिलंय की सोबत येणाऱ्याने स्वतःची नोंदणी फी भरावी. — एक वाचक, जळगाव

उत्तर : दादा, तुमचा दुसरा प्रश्न आधी. सोबत्याकडून फी घेणं चूक आहे, तुमची बहीण तिथे डेलिगेट नाही, ती तुमचे कान आणि डोळे आहे. आयोजकांना तसं स्पष्ट लिहा आणि हा कॉलम जोडा. तीन दिवस एकटीने तिला करायला लावू नका, तिला जेवू द्या, झोपू द्या, म्हणजे दुसरा इंटरप्रिटर आयोजकांनी द्यायचा, आणि तो आदल्या दिवशी तुम्हाला भेटला पाहिजे, कारण एकमेकांचे हात समजायला वेळ लागतो. रेल्वेत पूर्ण अंध प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला थ्री टायर एसीपर्यंत ७५ टक्के सवलत असते, अंधत्वाच्या कागदांवर तिकीट काढा, कर्णबधिरांची सवलत त्याहून कमी आहे.

पहिला प्रश्न. त्यांना विचारा की माझं सत्र कधी, किती मिनिटांचं, आणि विषय कोण ठरवणार. उत्तरात 'आपली उपस्थिती हाच आमचा सन्मान' असलं काही आलं तर समजा बसवायला बोलावलंय, आणि मग तुम्हीच विषय कळवा. तुमच्या पत्रात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या नोकरीतल्या आरक्षणाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात, की ऑटिझम, मानसिक आजार, बहुविकलांगता अशा सगळ्यांना मिळून असलेल्या १ टक्क्यात डेफब्लाइंड आहेत पण परीक्षेला लेखनिक बसवतात त्याला हातावर प्रश्न वाचून दाखवता येत नाही. यावर बोला. हे तुमच्याशिवाय त्या हॉलमध्ये दुसरं कुणी सांगू शकणार नाही. टोकियो विद्यापीठात सातोशी फुकुशिमा नावाचे प्राध्यापक आहेत, नवव्या वर्षी नजर गेली, अठराव्या वर्षी कान, ते इंटरप्रिटर आलटून पालटून घेऊन शिकवतात, सरकारी समित्यांवर बसतात. तुम्हाला वीस मिनिटं मागायला संकोच वाटायचं कारण नाही. चाळीस मागा, तुमचं बोलणं हातातून आवाजात यायला तेवढा वेळ लागणारच.

नोंदणीचा फॉर्म भरताना सोबत्याच्या रकान्यात बहिणीचं नाव लिहा, आणि त्याखाली दुसरी ओळ ओढून 'आयोजकांकडून एक' असं लिहा. रकाना नसला तरी लिहा. वरच्या पत्रातले पुण्याचे सचिव हा अंक वाचतातच.